शेटेबाईंच्या पुढच्या खोलीचा फ्यूज

आमच्या नाताळ अंकाच्या संपादकांनी मला 'वायरमनच्या आयुष्यातले गमतीदार प्रसंग' लिहायला सांगितले आहेत. गमतीदार प्रसंग आहेत. चाळीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या लोकांच्या भिंतींना भोकं पाडत हिंडलो, तेव्हा थोडीफार गंमत बघायला मिळणारच. त्यातले दोन सांगतो. तिसरा गमतीचा नाही, पण तो सांगायचा म्हणूनच मी लिहायला हो म्हणालो. तो छापायचा नसेल तर पहिले दोनही छापू नयेत, ही विनंती.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. घरात विजेच्या दोन वायरी येतात. एक फेज, ती वीज आणते. दुसरी न्यूट्रल, ती परत नेते. तिसरी अर्थिंगची असते, तिचं आज काम नाही. फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या खाचेत बसवलेला बारीक तारेचा तुकडा. भार फार झाला की तार वितळते आणि वीज तुटते. त्या चिनी मातीच्या जोडीला आम्ही किटकॅट म्हणतो. वरचा तुकडा ओढून हातात घेतला की तेवढी लाइन बंद झाली, असं घरातले लोक समजतात.

आता हा फ्यूज दोनपैकी कोणत्या वायरीत घालायचा? फेजमध्ये. फक्त फेजमध्ये. न्यूट्रलमध्ये घातला तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि फ्यूज काढला की दोन्ही बंदही होतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. फरक एवढाच की दिवा विझला तरी फेज बल्बच्या होल्डरपर्यंत येऊन थांबलेली असते. नळ दुरुस्त करताना टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा सोडून मोरीचं तोंड बुजवावं, तसा हा प्रकार आहे. हात लावला की माणसाच्या अंगातून जमिनीपर्यंत तिला वाट मिळते.

मी हे काम नगरला मिशनच्या वर्कशॉपमध्ये शिकलो. आमच्या मास्तरांचा एक नियम होता. काम संपलं, दिवे लागले, घरमालक खूश झाला, तरी पिशवी उचलायची नाही. प्रत्येक फ्यूज काढायचा आणि मग होल्डरमध्ये टेस्टर लावायचा. टेस्टरमधला लहान दिवा पेटला नाही तरच निघायचं. एकदा मी फक्त "दिवे लागले सर" असं सांगितलं, तर म्हणाले, "दिवे आंधळे असतात. तू टेस्टर लाव." पुढे मला लायसन मिळालं आणि नव्या घरांच्या टेस्ट रिपोर्टवर सही करायचा अधिकार आला. त्या सहीचा मला नको इतका अभिमान होता. सही करताना मी पेन बदलायचो.

आता पहिली गंमत. कोल्हारला साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक हेडक्लार्क राहायचे, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. जुनं घर, जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग. जुन्या काळी दोन्ही वायरींत एकेक फ्यूज घालायची पद्धत होती. मी न्यूट्रलमधला फ्यूज काढून तिथे जाड तांब्याची पट्टी टाकली. भाऊसाहेब मागे हात बांधून बघत होते.

"काढलेला फ्यूज कुठे ठेवलात?"

"पिशवीत. तो नको होता."

"नको कसा? तीस वर्षं माझ्या घराला दोन फ्यूज आहेत. एकापेक्षा दोन बरे की नाही? कारखान्यात आम्ही प्रत्येक कपाटाला दोन कुलपं लावायचो."

बोलून उपयोग नव्हता. मी पट्टी काढली, फ्यूज होता तसा लावला आणि त्यांना म्हणालो, "काढा यातला कुठलाही एक." त्यांनी नेमका न्यूट्रलमधला काढला. दिवा विझला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग मी होल्डरमध्ये टेस्टर लावला, तो लख्ख पेटला. भाऊसाहेब खुर्चीत बसले. म्हणाले, "या होल्डरचा बल्ब मी स्वतः बदलतो. ओल्या हाताने." त्यानंतर काम पूर्ण होईपर्यंत चार दिवस ते घरातली सगळी बटणं ऑफिसातल्या लाकडी रुळाने दाबत होते. काम झाल्यावरही बरेच दिवस दाबत होते, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं.

दुसरी गंमत सुप्याची. तिथे कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांसाठी एकाने ओळीने आठ खोल्या बांधल्या होत्या. आठ खोल्यांना मिळून एक फ्यूज. संध्याकाळी शिफ्ट सुटली की आठही खोल्यांत कॉइलच्या शेगड्या पेटायच्या आणि फ्यूज उडायचा. शेवटी त्यांच्यातल्याच एका फिटरने फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली. महिनाभर सगळे त्याचं कौतुक करत होते. मग एके दिवशी छताजवळच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या आणि मला बोलावणं आलं. मालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "फ्यूज लई भारी निघाला हो, अजून तसाच हाय. वायरीच डुप्लिकेट हुत्या." त्याला समजवायला मला एक तास लागला, आणि समजलं की नाही याची मला आजही खात्री नाही.

लोकांच्या चुका अशा सांगायला बऱ्या वाटतात. आता माझी सांगतो.

घोडेगावला शेटेबाई राहतात. प्राथमिक शाळेत बाई होत्या, आता ऐंशीला टेकल्यात. यजमान लवकर गेले, एक मुलगी. घर बांधलं तेव्हा वायरिंग मी केली. मी काम करत असताना बाई स्टुलावर बसून प्रत्येक गोष्ट विचारायच्या. फेज कुठली, हा स्क्रू कशाला, तार किती जाडीची घ्यायची. काम संपल्यावर त्यांनी तिन्ही किटकॅटच्या खाली आपल्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या: स्वयंपाकघर, पुढची खोली, मोटर. फ्यूजची तार स्वतः बदलायच्या. दुसऱ्या घरांत बायका बोर्डाला घाबरल्या की मी म्हणायचो, घोडेगावच्या शेटेबाई बघा. गावातले सगळे मला सामेल म्हणायचे, बाई पूर्ण शमुवेल म्हणायच्या.

बाईंच्या मुलीचं लग्न घरासमोर झालं. मांडवाचे बांबू घेऊन ट्रक आला, तेव्हा खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर फार खाली लोंबत होती. ट्रक आत येईना. ती वायर घराच्या गच्चीवर एका लोखंडी पाइपाला बांधलेली असते, आणि तिथे जोड देऊन खाली मीटरकडे उतरते. पाइप उंच करायचा तर जोड सोडायला हवा होता. नियमाने हे काम माझं नव्हतं, पण लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. लाइनमनने ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीवरून पंधरा मिनिटं लाइन बंद करून दिली आणि मी गच्चीवर चढलो.

सर्व्हिस वायरीत दोन तारा असतात आणि दोन्हींचं कव्हर काळं. म्हणून माझी एक पद्धत होती. फेजच्या तारेला जोडाच्या दोन्ही बाजूंना मी लाल लोकरीचा दोरा बांधायचो. बायकोच्या विणकामातली उरलेली लोकर पिशवीत कायम असायची. पुढे जोड सोडायची वेळ आली तर दोऱ्यासमोर दोरा ठेवायचा, बस. पण या दोऱ्यांनी काही उन्हाळे काढलेले होते. ते धुळीत आणि उन्हात मातकट झाले होते. मला ते दिसले नाहीत की मी नीट बघितलेच नाहीत, हे आता सांगता येत नाही. लाइन बंद, त्यामुळे टेस्टरचाही उपयोग नव्हता. अंदाजाने जोडलं आणि ठरवलं की लाइन आली की खाली जाऊन फ्यूज काढून तपासू.

लाइन आली. मांडवातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शिडीवरून उतरलो तर बाई समोर ताट घेऊन उभ्या. "आधी जेवा शमुवेल, सकाळपासून उपाशी आहात." भिंतीवर भागा पेंटर 'शुभविवाह' रंगवत होता, तोही ब्रश ठेवून शेजारी येऊन बसला. भागाचं अक्षर फार देखणं. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. आम्ही दोघं जेवलो, गप्पा मारल्या. टेस्टर पूर्ण वेळ माझ्या शर्टाच्या खिशात होता. जेवण झाल्यावर मी पिशवी उचलली आणि घरी गेलो.

त्यानंतर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी बाईंनी पुढची खोली रंगवायला काढली. रंगारी अर्थातच भागा. होल्डर उतरवायचा होता, पण फ्रिज चालू राहावा म्हणून बाईंनी मेन स्विच बंद केला नाही, फक्त पुढच्या खोलीचा फ्यूज काढला. मीच त्यांना तसं शिकवलं होतं. भागा लोखंडी घोडीवर चढला. एका हाताने छताचा लोखंडी अँगल धरला आणि दुसऱ्या हाताने होल्डर सोडवायला गेला. तिथून तो फेकला गेला तो खाली फरशीवर, उजव्या मनगटावर.

बाई धावल्या, शेजारीपाजारी धावले. कुणीतरी ओरडलं, "पंखा लावा, वारा येऊ द्या त्याला." बाईंनी जाऊन फ्यूज पुन्हा लावला आणि पंखा सुरू केला. त्या गडबडीत ते कुणी पाहिलं नाही. भागाला गाडीत घालून नगरला नेलं. मग लोकांनी बोर्ड पाहिला. तिन्ही फ्यूज जागेवर.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. अंगणात शेजारचा नामदेव आणि अजून चारपाच जण उभे होते. नामदेव म्हणाला, "सामेलभाऊ, बाई म्हनत्यात फ्यूज काढल्ता. आमी बगितलं तवा तर समदे लावलेले हुते. म्हातारपन झालं, दुसरं काय."

मी आत गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि मी, ज्याने त्यांना शिकवलं, त्यांना पहिलं वाक्य काय बोललो? "बाई, चष्मा होता ना डोळ्याला?"

"चष्मा होता. चिठ्ठी वाचून काढला. भागा पडला तेव्हा फ्यूज माझ्या हातात होता, शमुवेल. पंखा लावायला तो मीच परत बसवला."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी पुढच्या खोलीचा फ्यूज काढला आणि लोंबत असलेल्या होल्डरला टेस्टर लावला. पेटला.

मी गच्चीवर गेलो. जोडावर माझीच टेप होती, माझ्याच पद्धतीने उलटी गुंडाळलेली. टेप सोडवली. खांबाकडून येणाऱ्या एका तारेवर दोऱ्याचा मळका वेढा होता. ती ज्या तारेला जोडलेली होती तिच्यावर काहीच नव्हतं. दुसरा वेढा शेजारच्या तारेवर होता. फेज न्यूट्रलला आणि न्यूट्रल फेजला. दोन वर्षं ते घर उलटं चाललं होतं, तिन्ही फ्यूज चुकीच्या वायरीत येऊन बसले होते, आणि एकही दिवा एकदाही कुरकुरला नव्हता.

लाइन बंद करून घेतली. जोड सरळ करायला चार मिनिटं लागली. या वेळी दोरा नवा बांधला आणि खाली येऊन तिन्ही फ्यूज टेस्टरने तपासले. ही तपासणी दोन वर्षांपूर्वी करायची होती.

अंगणात नामदेवने विचारलं, "काय घावलं?"

मी म्हणालो, "जोड ढिला होता. पक्का केला."

"ढिल्या जोडानं शॉक बसतो व्हय?"

"नाही. तसा नाही बसत."

"मग बाईंनीच चुकून दुसरा फ्यूज काढला, न्हाईतर काढलाच न्हाई म्हना की."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. पिशवीची चेन लावली, बाईंनी आणलेला चहा उभ्यानेच प्यायलो आणि निघालो. लायसन जाईल ही भीती होती. पण खरं सांगायचं तर लायसनपेक्षा त्या सहीचं जास्त वाटलं. तिच्यावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं आणि मला ते ठेवू द्यायचं नव्हतं.

भागाचं मनगट जुळलं पण वाकडं जुळलं. रोलरने भिंती रंगवतो. अक्षरं गेली. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो होतो, फळं घेऊन. तो म्हणाला, "बाईंवर राग न्हाई माजा. वयच झालं त्यांचं." तिथेही मी गप्प बसलो. दर रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली म्हणताना मी ती सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत असे. सगळ्यांची मिळून म्हणायची असली की सोपी जाते.

याला आता नऊ वर्षं झाली. काम मी सोडलंय, पण यंदा पावसाळ्यानंतर बाईंचा फोन आला. जुने फ्यूज काढून एमसीबीचे नवे स्विच बसवायचे होते आणि दुसऱ्या कुणाला त्या बोर्डाला हात लावू देणार नव्हत्या. गेलो. घर तसंच होतं. बाई मात्र बोर्ड असलेल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"या ना आत. तुम्हाला दाखवतो कसं असतं ते."

"नको. मी हात लावत नाही आता. लाइट गेली तर नामदेवची सून येते. ती नसली तर बसून राहते तशीच." मग हसून म्हणाल्या, "माझा भरवसा राहिला नाही मला."

मी तिन्ही किटकॅट काढून टेबलावर ठेवले. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षर वाचता येत होतं. बाईंनी लांबूनच मधल्याकडे बोट केलं.

"तो मधला पुढच्या खोलीचा ना? मी हाच काढला होता का हो शमुवेल? की स्वयंपाकघराचा? मला आठवतं ते हाच. पण सगळे म्हणतात नाही. इतकी वर्षं झाली, आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

मला लाज वाटली. भागाच्या हाताचं मी इतकी वर्षं मनाला काहीबाही सांगत आलो होतो. अपघात कुणाच्याही हातून होतो, वगैरे. पण या बाईंना चिठ्ठी वाचून फ्यूज काढल्याचं पक्कं आठवत होतं, आणि ते आठवणं मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्याला अपघात म्हणता येत नाही.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रक, पाइप, दोरे, ताट, खिशातला टेस्टर, ती चार मिनिटं. बाईंनी एकदाही मध्ये अडवलं नाही. वर्गातल्या मुलाचा पाठ ऐकावा तसं त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं.

"म्हणजे फ्यूज माझ्या हातात होता."

"होता, बाई."

त्या उंबरा ओलांडून आत आल्या. टेबलावरचा मधला किटकॅट उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि पदराला पुसून मुठीत धरला. मग म्हणाल्या, "चला भागाकडे. आत्ताच. बोर्ड नंतर."

भागा घराच्या ओट्यावर बसून रोलर धूत होता. बाईंना बघून गडबडून उठला. नऊ वर्षांत बाई त्याच्या दारात आल्या नव्हत्या आणि तो त्यांच्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही. भागा माझ्याकडे बघत होता.

"म्हंजी आपुन दोघं जेवाय बसल्तो तवा तो टेस्टर खिशात हुता."

"होता."

"तुमी वरनपोळी दोनदा मागून घेतली. म्याच वाढ म्हनलं वाढप्याला." तो थांबला. उजवं मनगट त्याने डाव्या हाताने धरलं होतं, बहुतेक सवयीने. "दवाखान्यात सफरचंदं घिऊन आलता तवा तरी बोलायचं हुतं, सामेलभाऊ."

तो माझ्याशी पुढे एक शब्दही बोलला नाही, आणि त्याने मला माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही, कारण तसं घडलेलं नाही. तो बाईंकडे वळला. "बाई, म्या तुमच्या दारावरून जात न्हवतो. आडवाटंनं जायचो. चुकलं." बाई म्हणाल्या, "तुझं काय चुकलं त्यात?" आणि त्याच्या ओट्यावर त्याच्याशेजारी बसल्या. मी उभाच होतो.

परत येताना बाई म्हणाल्या, "नामदेवला कोण सांगणार? त्याच्या घरच्यांना? गावात किती दारं आहेत शमुवेल, तुम्ही किती ठिकाणी जाणार?" मी म्हटलं, जाईन. त्या म्हणाल्या, "नको. बोललेलं लोक आपल्याला हवं तसं बदलतात. लिहून द्या. तुमची ती सही असते ना, तिच्यासकट."

एमसीबी बसवले. शॉक बसला तर आपोआप तुटणारा ब्रेकरही बसवला. तपासताना बाईंना स्टुलावर बसवून टेस्टर त्यांच्या हातात दिला. मधला किटकॅट त्यांनी मला परत दिला नाही, तो त्यांच्या देवघरात आहे. आणि त्याच आठवड्यात संपादकांचं पत्र आलं.

तर हा माझा शेवटचा टेस्ट रिपोर्ट. जागा: श्रीमती शेटेबाई यांचं घर, घोडेगाव. गच्चीवरच्या जोडात फेज आणि न्यूट्रल उलट जोडलेले होते. ते मी जोडले होते आणि तपासले नव्हते. चूक सापडल्यावर मी ती लपवली. भागा पेंटर पडला तेव्हा पुढच्या खोलीचा फ्यूज बोर्डावर नव्हता. तो बाईंच्या हातात होता.

सही: शमुवेल, वायरमन.